पन्हाळगड ते पावनखिंड: एकाच वाटेवर पाय आणि चाक

आषाढ जवळ आला की कोल्हापुरात तालमींपासून कॉलेजांपर्यंत एक चर्चा हमखास सुरू होते: यंदा पावनखिंड कुठल्या शनिवार-रविवारी? १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज ज्या मुलखातून विशाळगडाकडे गेले, शिवा काशिदांनी महाराजांचं सोंग घेऊन जिथं मरण पत्करलं आणि बाजीप्रभूंनी बांदलांच्या साथीनं घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, रोखून धरली, त्या मुलखातून आज दोन दिवसांची पदभ्रमंती होते. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. सोबत चिखल, ओढे, धुकं, जांभ्याचा खडक आणि सुरुवातीला गडाची खडी उतरण.

गेल्या काही वर्षांत या वाटेवर रुंद टायरच्या डोंगरी सायकली दिसू लागल्या आहेत. सायकलवाल्यांना वाटतं, आम्ही पेट्रोल जाळत नाही, आवाज करत नाही, मग अडचण काय? चालणाऱ्यांना वाटतं, मागून सपकन आलेलं चाक पाहून काळजात धस्स होतं त्याचं काय? दोघांचंही खरं आहे. माझ्या मते ही वाट दोघांना पुरते, पण अट एकच आणि ती सायकलस्वाराला लागू आहे: सायकल खांद्यावर घेऊन चालायची तयारी असेल त्यानंच ती इथं आणावी. या वाटेचा चांगला मोठा भाग सायकल चालवण्यासारखा नाही. तिथं उतरायला जो लाजतो, तो स्वतः तरी पडतो किंवा दुसऱ्याला तरी पाडतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ही वाट पहिल्यांदा वाड्यांवरच्या शेतकऱ्यांची आणि धनगरांची आहे. त्यांची म्हसरं, त्यांच्या डोक्यावरचे वैरणीचे भारे, शाळेला निघालेली त्यांची पोरं यांचा मान पहिला. मग चालणारे. मग चाक. पुढचं सगळं हा क्रम धरून लिहिलं आहे.

आधी हंगाम ठरवा

जुलै-ऑगस्ट हे महिने चालणाऱ्यांचे. सायकल या दिवसांत घरी ठेवा असं मी स्पष्टच म्हणेन. कारणं तीन आहेत. एक, शनिवार-रविवारी मोठमोठे जथे वाटेवर असतात आणि अरुंद पायवाटेवर त्यांना ओलांडत जाणं म्हणजे प्रत्येक माणसाला गवतात ढकलणं. दोन, लाल चिखल टायर आणि फ्रेमच्या मध्ये असा भरतो की चाक फिरतच नाही. सायकल चालवणं राहिलं बाजूला, ती ओढतच न्यावी लागते. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, त्याच दिवसांत भाताची रोप लावण चालू असते. वाट कित्येक ठिकाणी खाचरांच्या बांधावरून जाते. भिजलेल्या बांधावर माणसाचा पाय पडला तर खळगा होतो, चाक गेलं तर सलग चर पडतो. त्या चरातून पाणी वाट काढतं आणि बांध फुटतो. खाचरातलं पाणी गेलं की लावण वाया.

सायकलसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सुगी आटोपलेली, जमीन घट्ट, ओढ्यांना गुडघ्याच्या खाली पाणी, सकाळी थंडी. फेब्रुवारीनंतर ओढे आटत जातात, पठारावर सावलीचं झाड नसतं आणि वाळलेल्या गवताला वणव्याची भीती असते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. मोकळ्या पठारावर विजा कडाडताना सायकल असो वा काठी, तिथं असूच नये.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा मधला काळ नाजूक. मसाई पठार तेव्हा फुलांनी भरतं: तेरडा, सोनकी, गेंद, कवला, सीतेची आसवं. जांभ्यावर मातीचा थर बोटभरच असतो, त्यातच ही फुलं उगवतात. तो थर एकदा खरवडला गेला की पुन्हा साचायला वर्षानुवर्षं लागतात. राज्य सरकारनं २०२२ साली मसाई पठार संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं, ते याच कारणानं महत्त्वाचं आहे. चालणाऱ्यांनी या दिवसांत जरूर जावं, मळलेली वाट न सोडता. सायकलस्वारांनी नोव्हेंबरपर्यंत दम धरावा.

मोटारसायकलबद्दल दोन वाक्यं पुरेत. पायवाटेवर आणि पठारावर ती आणूच नका. तिच्या मागच्या चाकानं उकरलेली चाकोरी पहिल्या मोठ्या पावसात घळ होते आणि मग वाडीवरच्या माणसाला त्या घळीतून म्हसरं न्यावी लागतात.

तयारी: दोन महिने आधीपासून

कोल्हापुरात राहणाऱ्याला सरावासाठी लांब जायला नको. चालणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा तास-दीड तास भरभर चालावं आणि रविवारी पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन जोतिबा किंवा कात्यायनीच्या डोंगराला जाऊन यावं. रंकाळ्याच्या फेऱ्या दमसासासाठी ठीक, पण त्या सपाट आहेत. या वाटेवर कस लागतो तो उतरताना गुडघ्यांचा. म्हणून जिने उतरायचा सराव करा, मुद्दाम सावकाश. निघायच्या आधीच्या एखाद्या शनिवार-रविवारी सलग दोन दिवस चाला. पहिल्या दिवशी सगळेच चालतात, दुसऱ्या दिवशी सकाळी आखडलेल्या पायांनी बूट चढवणं ही खरी परीक्षा.

सायकलस्वारांनी वाघबीळमार्गे पन्हाळा आणि गिरोली घाटानं जोतिबा हे दोन चढ न थांबता जमेपर्यंत करावेत. पण डांबरी चढ जमला म्हणून डोंगर जमला असं नाही. दगडगोट्यांच्या पाणंदीवर उतरायचा सराव हवा, आणि सायकल खांद्यावर घेऊन वीस-पंचवीस मिनिटं चढायचाही. फ्रेमचा त्रिकोण खांद्यावर कसा बसतो, पेडल बरगडीला कुठं लागतं, हे घराजवळच कळलेलं बरं.

सामान

चालणाऱ्यांसाठी खोल नक्षीच्या तळव्याचे बूट, निदान महिनाभर वापरलेले. नवे बूट घालून या वाटेवर येणारा पहिल्याच मुक्कामाला फोड मोजत बसतो. पावसात पायात पाणी जाणारच, त्यामुळं ते रोखण्याचा खटाटोप करण्यापेक्षा मोज्यांचे तीन जोड घ्या आणि एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत फक्त झोपताना घालायला ठेवा. जीन्स नको. ती भिजली की जड होते आणि मांड्या सोलवटते. छत्री पठारावरच्या वाऱ्यात उलटीच होते, त्यापेक्षा रेनकोट किंवा पोंचो. हातात काठी असावी; ओढ्याचा तळ चाचपायला आणि उतारावर गुडघ्यांचा भार घ्यायला तिच्यासारखं काही नाही.

सॅकमध्ये आधी एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सगळं तिच्या आत भरा. बाहेरचं कव्हर वाऱ्यानं सुटतं, आतली पिशवी दगा देत नाही. कोरडे कपडे, विजेरी, शिट्टी, स्वतःची रोजची औषधं, जखमेची पट्टी, ओआरएसची पाकिटं. खायला गूळ-शेंगदाणे, भडंग, राजगिऱ्याचे लाडू, आणि पहिल्या दुपारसाठी घरून भाकरी, खर्डा, सुकी भाजी. भाकरी दमट हवेतही संध्याकाळपर्यंत टिकते. पाणी चालणाऱ्याला दोन लिटर, सायकलस्वाराला तीन.

सायकल पुढं तरी सस्पेन्शनची आणि डिस्क ब्रेकचीच हवी. टायर सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद आणि जमेल तर ट्यूबलेस, आत सीलंट घातलेले, कारण कुंपणाच्या काट्यांना इथं तोटा नाही. हवा रस्त्यावर भरतो तेवढी भरू नका. साधारण वजनाच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये बावीस ते सव्वीस पीएसआय पुरते. टायर दगडाला धरून राहतो आणि मनगटांना हादरे कमी बसतात. आत ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब चिमटते आणि दोन भोकं पडतात.

दुरुस्तीच्या पिशवीत पंप, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, मल्टीटूल, चेनचा जोडदुवा, ब्रेक पॅडचा एक जोड, केबल बांधायच्या पट्ट्या. आणि मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्राचा, हँगर. हा धातूचा छोटा तुकडा प्रत्येक सायकलीला वेगळा लागतो. दगडावर सायकल आडवी पडली की सर्वांत आधी तोच वाकतो किंवा तुटतो, आणि आयत्या वेळी कुठल्याही दुकानात मिळत नाही. आपल्या मॉडेलचा मागवून ठेवा. ब्रेक पॅड मेटलचे घ्या. जांभ्याची ओली वाळू रेझिनचे पॅड बघता बघता खाऊन टाकते. हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघ्याचं संरक्षण यावर चर्चाच नको. घंटी मात्र बहुतेक डोंगरी सायकलींना नसते. ती बसवून घ्या, तिचं काम पुढं येईल.

परवानगी, सोबत आणि निरोप

वाटेचा काही भाग वनखात्याच्या हद्दीतून जातो. पन्हाळा आणि विशाळगड या दोन्ही बाजूंचं जंगल संवर्धन राखीव क्षेत्रात येतं. त्यामुळं निघण्याआधी वनविभागाकडं चौकशी करा, सायकल नेणार असाल तर तसं स्पष्ट सांगून. विशाळगडापर्यंत जायचं असेल तर गडावरच्या प्रवेशाचे नियम प्रशासन वेळोवेळी बदलतं, तेही आधी विचारून घ्या. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर बेत पुढं ढकला. वाट कुठं पळून जात नाही.

एकट्यानं जाऊ नका. चालणारे पाच ते पंधरा असावेत. सायकलस्वार तीन ते पाच, त्याहून जास्त असतील तर दोन गट करून अर्ध्या तासाच्या अंतरानं निघावं. प्रत्येक गटात एक पुढचा आणि एक शेवटचा माणूस ठरलेला असावा. शेवटच्यानं कुणालाही मागं टाकून पुढं यायचं नाही, तो स्वतः कितीही जोरात चालणारा असला तरी. घरी एका माणसाकडं वाड्यांच्या नावांचा क्रम आणि पोचायची अंदाजे वेळ लिहून ठेवा. मधल्या बऱ्याच भागात फोनला रेंज नसते. वाटेचा जीपीएक्स नकाशा आधीच उतरवून फोनमध्ये ठेवा, पॉवर बँक पिशवीत गुंडाळून घ्या.

पहिला दिवस: पन्हाळा ते करपेवाडी-आंबेवाडी

कोल्हापूरहून पन्हाळा वीसेक किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यात पन्हाळा आहे, त्यामुळं सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. सकाळी सातला गडावरून पाय निघाला पाहिजे. उशिरा निघालेला गट संध्याकाळी अंधारात मुक्काम शोधत फिरतो.

चालणारे पुसाटी बुरुजाच्या बाजूनं खाली उतरतात. ही उतरण खडी आणि दगडांची आहे. पावसात दगडांवर शेवाळ असतं. पाऊल लहान टाका, टाच न रोवता पूर्ण तळवा टेकवा, पुढच्याच्या आणि आपल्यामध्ये दोन माणसांचं अंतर ठेवा म्हणजे निसटलेला दगड कुणाच्या पायावर जाणार नाही. सायकलस्वारांनी ही उतरण सोडून द्यावी आणि डांबरी रस्त्यानं म्हाळुंग्याकडं उतरावं. इथं चाक घालण्यात काही पराक्रम नाही, वारसास्थळाच्या तटाखालची वाट उखडली जाते एवढंच.

म्हाळुंग्यापासून मसाई पठारावर चढताना पहिल्यांदा दम लागतो. चालणाऱ्यांनी बोलता येईल एवढ्याच वेगानं चढावं. सायकलस्वारांनी हलका गिअर लावून बसूनच चढावं. उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक मुरमावर घसरतं.

पठार वर आल्यावर एकदम मोकळं होतं. एकामागून एक सपाट टप्पे, मध्ये मसाईचं देऊळ, चहूबाजूंनी वारा. सायकलस्वाराला इथं आपलं राज्य आल्यासारखं वाटतं आणि इथंच जपायला हवं. एक तर वर सांगितल्याप्रमाणं मळलेल्या वाटेबाहेर चाक न्यायचं नाही, समोर डबकं असेल तर त्याला वळसा न घालता मधूनच जायचं. प्रत्येकानं वळसा घातला की वाट फुटाफुटानं रुंद होत जाते. दुसरं, पठाराची कड अचानक येते. धुक्यात वीस पावलांपलीकडचं दिसत नाही, तेव्हा सगळ्यांनी उतरून एका ओळीत चालावं. चालणाऱ्यांनीही धुक्यात एकमेकांच्या नजरेबाहेर जाऊ नये. वाट चुकल्याची शंका आली तर पुढं न जाता शेवटची ओळखीची खूण होती तिथपर्यंत मागं यावं. वाटेत बाणाच्या खुणा दिसल्या तरी त्यांच्यावर एकट्या विसंबू नका.

पावसात भिजलेल्या अंगाला पठारावरचं वारं झोंबतं. कुणी कापायला लागला, बोलताना जीभ जड झाली, विचारलं त्याचं उत्तर भलतंच देऊ लागला, तर तो दमलाय असं समजून सोडू नका. आडोसा, कोरडे कपडे, गोड खाणं, आणि गरम काही मिळालं तर ते. हे पठारावरून उतरण्याची वाट न पाहता तिथंच करा.

पठार संपलं की कुंभारवाडीकडं उतार लागतो. सायकलस्वाराला सगळ्यात मोह होतो तो इथं. कोरड्या दिवसात, वाट नजरेच्या टप्प्यात मोकळी असेल तर उतरावं: पेडल समांतर, बूड सीटच्या मागं, दोन्ही ब्रेकवर एकेक बोट, नजर चाकापुढं नाही तर दहा-पंधरा फूट पुढं. पुढचा ब्रेक दाबा पण जाम करू नका. ओली मुळं आणि ओला जांभा काटकोनात ओलांडा, तिरपं गेलं की चाक निसटतं. समोरचं वळण दिसत नसेल तर चालण्याच्या वेगावर या आणि घंटी वाजवा. वळणापलीकडं डोक्यावर मोळी घेतलेली बाई असेल असं धरूनच चालवा, कारण ती खरंच असते.

पुढं खोतवाडी, मांडलाईवाडी करत करपेवाडी. दुपारचं जेवण खोतवाडीच्या आसपास उरकलं तर वेळेचं गणित बसतं. बहुतेक जथे करपेवाडी-आंबेवाडी भागात मुक्काम करतात. घरात किंवा शाळेत राहायची सोय आधी फोनवर ठरवा, अचानक पंधरा माणसं दारात उभी करू नका. जेवणाचे आणि राहण्याचे पैसे निघण्याआधी विचारून, घासाघीस न करता द्या. सायकली गोठ्यापासून लांब ठेवा. अनोळखी वस्तूला जनावरं बुजतात.

वाटेवर गाठ पडली तर

हा भाग दोन्हीकडच्यांनी नीट वाचावा. चालणारा आणि सायकलस्वार समोरासमोर आले तर थांबायचं सायकलस्वारानं. थांबायचं म्हणजे वेग कमी करून कडेनं निघून जायचं असं नव्हे. पाय जमिनीवर टेकायचा, वाट अरुंद असेल तर उतरून सायकल उचलून घ्यायची. दोन सायकलस्वार समोरासमोर आले तर उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यावी, कारण चढावर एकदा थांबलेल्याला पुन्हा सुरुवात करणं अवघड जातं.

मागून येत असाल तर तीस-चाळीस फुटांवरूनच आवाज द्या. घंटी एकदा, मग माणसासारखं बोला: "दादा, सायकल येतेय, आम्ही तिघं आहोत." किती जण आहात हे सांगणं फार गरजेचं. एक गेला म्हणून चालणारा पुन्हा वाटेवर येतो आणि दुसऱ्याची धडक बसते, बरेच अपघात असेच होतात. शेवटच्या सायकलस्वारानं जाताना सांगावं, "मी शेवटचा."

चालणाऱ्यांचीही बाजू आहे. आवाज ऐकला की सगळ्यांनी एकाच बाजूला व्हा. अर्धे डावीकडं, अर्धे उजवीकडं झाले की सायकलस्वाराला जागाच राहत नाही आणि गडबडीत कुणीतरी पुन्हा पलीकडं धावतं. कड्याच्या वाटेवर चालणाऱ्यानं डोंगराच्या अंगाला उभं राहावं, दरीच्या बाजूला कधीही नाही. जागा नसेल तर रुंद ठिकाणापर्यंत चालत राहा, सायकलस्वार मागं थांबेल. दोन्ही कानांत इयरफोन घालून चालू नका.

म्हसरांचा कळप आला तर चालणारा आणि सायकलस्वार दोघंही थांबतात, डोंगराच्या बाजूला. घंटी, शिट्टी, हाकारा काही नको. राखणीच्या माणसाला विचारा, "मामा, थांबू का पुढं जाऊ?" तो सांगेल तसं करा. धनगरवाड्याजवळ कुत्री अंगावर आली तर सायकलवरून पळ काढू नका, ती पाठलाग करतात. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढं व्हा. वस्तीवरचं कुणीतरी हाक मारतंच.

दुसरा दिवस: रिंगेवाडी, पांढरेपाणी, पावनखिंड

दुसऱ्या दिवशी झाडी दाट होते. रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी अशा वाड्या मागं टाकत, सुकामाचीच्या धनगरवाड्यावरून वाट पांढरेपाण्याला येते. सायकल या दिवशी जास्त ढकलावी लागते हे मनात पक्कं करून निघा. वेळेचा हिशेब चालणाऱ्यांचाच धरा.

वाट विचारताना "पावनखिंड कुठं" असं न विचारता पुढच्या वाडीचं नाव विचारा. फाट्यावर पावनखिंडीकडं जाणाऱ्या दोन-तीन वाटा असू शकतात, पुढच्या वाडीची बहुधा एकच. आणि किती लांब असं न विचारता किती वेळ लागेल असं विचारा. "हे काय, हितंच हाय" असं उत्तर आलं तर ते रोज चालणाऱ्याच्या पायांचं माप आहे हे ध्यानात ठेवून त्यात निम्मा वेळ आपला मिळवा.

ओढ्यांबद्दल. पाणी गढूळ असेल, वेगात असेल आणि गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका. पाऊस थांबला की डोंगरातल्या ओढ्याचं पाणी बऱ्याचदा तास-दोन तासांत उतरतं. बसून राहा, नाहीतर मागच्या वाडीवर परता. ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, बूट काढू नका, काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेकवा. सायकल मात्र खालच्या अंगाला धरायची. वरच्या अंगाला धरली तर पाण्याचा रेटा तिला तुमच्याच पायांवर आणून आपटतो. जड वाटली तर दोघांनी मिळून एकेक सायकल पार करा.

या पट्ट्यात गवे आहेत. चालणाऱ्यांच्या गप्पांनी ते लांबूनच बाजूला होतात. सायकल मात्र आवाज न करता वेगानं अगदी जवळ जाते आणि तेच धोक्याचं. म्हणून झाडीत वळणाआधी घंटी वाजवत राहा. पण गवा एकदा दिसला की घंटी बंद, थांबा, सायकल आपल्यापुढं आडवी धरा आणि त्याच्याकडं पाठ न करता सावकाश मागं या. फोटोसाठी एक पाऊलही पुढं नको. एकटा नर जास्त बेभरवशाचा, पिल्लं असलेला कळपही तसाच.

पावसात जळवा लागतात. घाबरून ओढू नका. नखानं तिचं तोंड कातडीपासून बाजूला सरकवा, मग काढा, जखम धुवा. थोडं रक्त येत राहतं, ते थांबतं. दगडांच्या सांदीत हात घालू नका, बसण्याआधी काठीनं जागा हलवून बघा. जांभ्याच्या मुलखात फुरसं असतं आणि ते दगडासारखंच दिसतं. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. माणसाला शांत बसवा, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि उचलून जवळच्या रस्त्यापर्यंत न्या. रेंज मिळाली की १०८ ला फोन. कोल्हापुरात सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय आहे.

सायकलवरून पडून डोक्याला मार लागला असेल तर हेल्मेटला तडा गेलाय का बघा. गेला असेल, किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल, उलटी करत असेल, तर त्याची सवारी तिथंच संपली. सायकल वाडीवर ठेवायला सांगा आणि दोघांनी त्याला रस्त्याला न्या.

पांढरेपाण्याला डांबरी रस्ता भेटतो आणि तिथून पावनखिंड जवळ येते. खिंडीच्या वर स्मारक आहे, खाली उतरायला लोखंडी जिना. सायकली वरच उभ्या करा. खिंडीत चाक नेऊ नका, सायकल खांद्यावर घेऊन फोटोसाठीही नाही. जिना ओला असताना एका वेळी थोडेच जण उतरा, तोंड जिन्याकडं करून. पावसात खालून कासारीचं पाणी जोरात वाहतं, त्यात उतरायचं नाही. विशाळगडाला जायचं असेल तर इथून पुढं गजापूरमार्गे रस्ता आहे. थकलेल्या पायांनी तो त्याच दिवशी करण्यापेक्षा वेगळा दिवस ठेवावा असं माझं मत आहे.

परतताना

पांढरेपाण्याहून मलकापूरला यायचं आणि तिथून रत्नागिरी–कोल्हापूर रस्त्यानं घरी. एसटीच्या वेळा आदल्या दिवशी मलकापूर आगारात विचारून ठेवा. सायकली एसटीत बसतील या भरवशावर राहू नका; छोटा हत्ती आधीच ठरवा आणि सायकलींमध्ये जुनी पोती घालून बांधा, नाहीतर डिस्क एकमेकींवर घासून वाकतात. सायकलनंच कोल्हापूर गाठायचं असेल तर दिवसाउजेडी. या रस्त्यावर जड वाहनं वेगानं येतात, आणि दोन दिवसांच्या थकव्यानंतर कडेचा खड्डा दिसायला उशीर होतो.

निघण्याआधी शेवटच्या माणसानं डोकी मोजायची आणि मलकापुरात रेंज आली की घरी निरोप द्यायचा. वाटेत कुणाचा बांध तुमच्या गटानं मोडला असेल, कुंपणाची काटी हलली असेल तर मुक्कामाच्या घरी फोन करून सांगा आणि भरपाई पोचती करा. घरी आल्यावर सायकल आणि बूट त्याच दिवशी धुवा. टायरच्या नक्षीतल्या मातीतून रानमोडीचं बी एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जातं. चेन वाळवून तेल घाला, ब्रेक पॅडची जाडी बघा, हँगर सरळ आहे का तपासा. अंगावरच्या ओरखड्यांवर दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. पावसाळ्यात खाचरातल्या पाण्यातून चालल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्यांत कळा आल्या तर डॉक्टरांना चिखलातून चालल्याचं आवर्जून सांगा, म्हणजे ते लेप्टोस्पायरोसिसची तपासणी करतील.